शिवडी ते सँडहर्स्ट रोड: हार्बरच्या रुळांकडेने कॅमेरा घेऊन कसं फिरावं

शिवडीला उतरणारे बहुतेक कॅमेरेवाले पूर्वेला जेट्टीवर जातात, फ्लेमिंगो टिपतात आणि आल्या वाटेने परततात. त्यात काही वाईट नाही, पक्षी सुंदरच आहेत. पण त्याच स्टेशनातून बाहेर पडून दक्षिणेला चालायला लागलं, तर रुळांच्या कडेकडेने कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड आणि सँडहर्स्ट रोड असा साधारण सहा किलोमीटरचा पट्टा लागतो. तिथे फोटो काढायला फारसं कोणी जात नाही. आडवळणं धरली तर चाल थोडी वाढते. निवांत चाललात तर पाच तास सहज जातात.

मी काळाचौकीत वाढले. बाबा मुंबई पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलायचे. आता नेरुळला राहते आणि रोज याच हार्बर लाइनने कामाला जाते. त्यामुळे हा पट्टा मी दोन बाजूंनी पाहिला आहे: लहानपणी रुळांच्या कडेने, आता लेडीज डब्याच्या खिडकीतून. खिडकीतून दिसतो तो गंजका पत्रा, निळी ताडपत्री आणि भंगार. खाली उतरून चाललं की कळतं, इथे कोणी रिकामं बसलेलं नाही. लोखंड कापलं जातंय, साखळ्या मोजल्या जातायत, पोती चढतायत, टँकर रंगवले जातायत. इथले फोटो फसतात ते याच कारणाने. माणसं पडझड शोधत येतात आणि समोर चाललेलं काम त्यांना दिसत नाही. म्हणून माझी पहिली सूचना कॅमेऱ्याबद्दलची नाही. समोर काय काम चाललंय हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तोवर बटण दाबू नका. विचारा, थोडं थांबा, बघा, मग फोटो घ्या.

कधी जायचं

वार निवडताना रविवार टाळा. रविवारी दारुखान्यातली, म्हणजे रे रोडजवळच्या जहाजतोडणीच्या आणि जुन्या लोखंडाच्या बाजारातली, बरीच शटर खाली असतात आणि हार्बरवर मेगाब्लॉकही असतो. मला शनिवार सकाळ आवडते. काम पूर्ण जोरात असतं आणि गाड्यांची गर्दी जरा कमी असते.

समुद्र पूर्वेला आहे, रूळ ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहेत. म्हणजे सकाळी सूर्य बंदराच्या बाजूने वर येतो. सात-साडेसातला तुम्ही शिवडीत असाल तर पूर्वेकडे बघताना सगळं छायाचित्र काळ्या आकृत्यांचं होतं: क्रेन, टाक्या, अटल सेतूचे खांब. तोंड पश्चिमेला फिरवलंत तर गोदामांच्या भिंतींवर आणि चाळींच्या गॅलऱ्यांवर सरळ, पिवळसर ऊन असतं. एकाच जागी उभं राहून दोन्ही करता येतं. मी आधी पश्चिमेकडचे फोटो उरकते, कारण ते ऊन नऊनंतर पांढरं पडतं.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला बरं. पण लोखंडाचा खरा रंग पावसाळ्यात बघावा. कोरड्या दिवसात गंज धुळकट तपकिरी दिसतो. सर पडून गेली की तोच गडद होतो, जवळजवळ जांभळा, आणि रस्त्यातल्या डबक्यांत ईस्टर्न फ्रीवेचे खांब उलटे उतरतात. पावसाळ्यात जाताना बूट घट्ट, जाड तळव्याचे घाला. दारुखान्याच्या रस्त्यात पत्र्याचे तुकडे आणि वायर रोपचे सुटे तार पडलेले असतात. चप्पल घालून तिथे अजिबात जाऊ नका.

सोबत काय न्यायचं

मोबाईल चालेल, मनापासून सांगते. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स लावा. लांब लेन्स इथे दोन कारणांनी नको. एक, दुरून चोरून घेतलेला माणूस फोटोत चोरून घेतलेलाच दिसतो. दुसरं, पूर्वेला गोदी आहे, माझगाव डॉकसारखं संरक्षण खात्याचं जहाजबांधणी आवार आहे, तेलाच्या टाक्या आहेत. तिकडे मोठी लेन्स रोखली की सुरक्षारक्षक येणारच आणि तो त्याचं काम करत असतो. गोदीच्या फाटकाचे, भिंतीपलीकडचे फोटो काढू नका. ड्रोनचा तर विचारही नको.

ट्रायपॉड घरी ठेवा. स्टेशनवर उभा केलात की लगेच विचारणा होते. व्यावसायिक शूटिंगसाठी मध्य रेल्वेची रीतसर परवानगी घ्यावी लागते. हौसेने, हातात धरून काढणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही. तरी आरपीएफच्या माणसाने थांबा म्हटलं तर थांबा, हुज्जत घालू नका. प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहायचं असलं तरी तिकीट लागतं. पास असेल तर उत्तम. नसेल तर प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं असतं आणि ते दोन तास चालतं.

लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर मात्र जरूर लावा. त्याचं कारण पुढे दारुखान्यात येईल. पाण्याची बाटली, छोटा टॉर्च, एक वही. टॉर्च कशाला, तेही सांगते.

जायच्या आधी एवढं माहीत असू द्या

तुम्ही ज्या जमिनीवर चालणार आहात तिचा मोठा भाग शे-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र होता. पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ च्या सुमारास माझगाव-शिवडीचा किनारा भरून काढला. १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर लाइन आली. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे सुरू केली, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. तिला फाटे फुटून रूळ थेट गोदामांच्या दारात जायचे. आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली, ती याच हार्बर मार्गाने. पोर्टची रेल्वे २०१८ मध्ये बंद झाली.

हे पाठ करायची गरज नाही. पण चालताना प्रश्न पडतात: हे गोदाम रस्त्याला तिरकं का बांधलंय, ही भिंत अशी कमानीसारखी का वळलीय? उत्तर बहुतेक वेळा रूळच असतो. मालगाडीला काटकोनात वळता येत नाही, म्हणून रूळ वळला आणि त्याच्या वळणाने भिंत वळली. रूळ उखडले गेले, डांबराखाली गेले, पण वळण राहिलं. असं वळण दिसलं की त्याच्या आतल्या बाजूला उभं राहून, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून फोटो घ्या. नाहीशी झालेली रेल्वे त्या भिंतीत आपोआप दिसते.

शिवडीतून निघताना

स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरा. रूळ ओलांडायचे नाहीत, कितीही लोक ओलांडताना दिसले तरी. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, फोटोच्या नादात असलेल्या माणसाला मागून येणारी लोकल ऐकू येत नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. पुलावरून हात उंचावून, सेल्फी स्टिक किंवा छत्री पुढे काढून फोटो घेऊ नका. तार शिवायचीही गरज नसते, नुसती जवळ गेलेली काठी पुरते.

किल्ला बघायचा असेल तर आत्ताच बघून घ्या. इंग्रजांनी १६८० मध्ये बांधलेला शिवडीचा किल्ला लहान आहे, पण वरून खाडी, टाक्या आणि अटल सेतू एका नजरेत येतात. फ्लेमिंगो हवे असतील तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून या. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात, भरती चढताना किनाऱ्याकडे सरकतात.

मग दक्षिणेला वळा. पूर्वेकडच्या पोर्टच्या रस्त्यांवर ट्रक आणि टँकर उभे असतात. ड्रायव्हर टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करत असतात. इथे पहिला धडा घ्या: चहा. टपरीवर कॅमेरा पिशवीत ठेवूनच बसा, चहा संपेपर्यंत काढू नका. तेवढ्या वेळात कोण ड्रायव्हर आहे, कोण क्लीनर, कोण मुकादम, हे कळतं आणि तुम्ही कोण हे त्यांनाही कळतं. त्यानंतर "दादा, गाडीचा फोटो काढू का?" असं विचारलं की बहुतेक वेळा दादा स्वतःच गाडीसमोर येऊन उभा राहतो. तो फोटो घ्या आणि त्याला दाखवा. मग तो पुन्हा भाकरीकडे वळतो, तेव्हाचा फोटो तुमचा.

आता टॉर्च. या सगळ्या पट्ट्यात जुने रूळ खांब म्हणून वापरलेले दिसतील. कुंपणाला, फाटकाला, शेडच्या आधाराला उभे पुरलेले. कारखान्यात तापलेलं पोलाद लाटून रूळ घडवताना त्याच्या कमरेवर, म्हणजे वरचा जाड माथा आणि खालचा पाया यांच्या मधल्या सपाट भागावर, कारखान्याचं नाव, साल आणि वजनाची खूण उठवलेली असते. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली ती बुजलेली असते आणि समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. टॉर्च खांबाला जवळजवळ चिकटवून, अगदी तिरका धरा. उठावाच्या एका कडेवर उजेड पडतो, दुसऱ्या कडेला सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. मोबाईल सरळ समोर, खांबाला समांतर धरा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं कमी करा. अक्षरांची ओळ लांब असेल तर दोन-तीन फोटोंत घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोतलं शेवटचं अक्षर आलं पाहिजे.

हे मला बाबांनी दाखवलं होतं. ते कंदिलाने बघायचे. मालगाडी पेलायची रुळाची उमेद संपली की त्याला उभं करतात, असं ते म्हणायचे. त्यांच्या कामात निम्मं चालणं होतं. रस्त्यातून गाडी जाताना पुढे निशाण घेऊन माणूस चालायचा आणि मागून इंजिन त्याच्या पावलाने यायचं. काही ठिकाणी डांबरातून रुळांच्या दोन रेषा अजून वर आलेल्या दिसतात. त्या फोटोत घ्यायच्या असतील तर खाली बसा आणि रेषा कोपऱ्यातून आत येऊ द्या. वाहनांकडे लक्ष ठेवायला सोबत कोणी असलेलं बरं.

कॉटन ग्रीन

इथे फार वेळ लागत नाही. स्टेशनसमोर कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे, १९२० च्या दशकातली. कुलाब्याचा कापूस बाजार इकडे हलवला तेव्हाच्या वैभवाची ती खूण आहे. इमारत मोठी आहे, जवळून मावत नाही. मागे सरकून, स्टेशनच्या पुलावरून प्रवाशांच्या डोक्यांवरून घ्या. पाठीमागच्या गोदामांच्या ओळी मला इमारतीहून अधिक बोलक्या वाटतात. सारख्या आकाराची दारं, सारखं छप्पर, आणि प्रत्येक दारावर वेगळा रंग, वेगळं कुलूप, वेगळा माल. अशा ओळीचा एकच रुंद फोटो घेतला तर त्यात काही सापडत नाही. एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून एकेक दार घ्या. घरी जाऊन शेजारी-शेजारी लावा.

रे रोड आणि दारुखाना

रे रोडचं स्टेशन घाईने सोडू नका. मुंबईतल्या वारसा यादीतल्या मोजक्या स्थानकांपैकी ते एक आहे आणि १९१० मध्ये कुर्ल्याहून आलेली गाडी इथे संपायची. ज्या रस्त्यावरून हे नाव आलं तो रस्ता आता बॅरिस्टर नाथ पै मार्ग झाला, स्टेशनने लॉर्ड रे या गव्हर्नरचं नाव धरून ठेवलं. जवळच २०२५ मध्ये खुला झालेला केबलचा नवा पूल आहे. जुनं स्टेशन आणि नव्या पुलाच्या तिरक्या तारा एका चौकटीत आणता येतात. त्यासाठी थोडं इकडेतिकडे सरकून जागा शोधा.

पूर्वेला गेलं की दारुखाना. इथे किनाऱ्यावर जुनी जहाजं भरतीला चिखलात आणून लावतात आणि गॅस कटरने तोडतात. १९७१ च्या युद्धातली आयएनएस विक्रांत २०१४ पासून इथेच तोडली गेली. तोडणीच्या आवारात जायचा प्रयत्न करू नका. ते धोक्याचं आहे आणि तिथे फोटो चालत नाहीत. आपलं काम गल्ल्यांमध्ये आहे, जिथे जहाजातून निघालेला माल विकायला मांडलेला असतो: नांगर, साखळ्या, शॅकल, पुल्या, चेन ब्लॉक, वायर रोपची वेटोळी, पाइप, अँगल, प्लेटा. प्लेटांवर खडूने मापं लिहिलेली असतात. जुने लोक अजून सुतात बोलतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच.

काळं लोखंड कॅमेऱ्याला फसवतं. एवढा काळा रंग दिसला की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि लोखंड राखाडी, आजारी दिसायला लागतं. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा. मोबाईलवर फोटोच्या जागेवर बोट ठेवून सूर्याची खूण खाली ओढा, तेच होतं. भर उन्हात उभे राहू नका. ईस्टर्न फ्रीवेची सावली या भागावरून जाते, तिच्या कडेला मऊ उजेड असतो. सकाळी दहानंतर मी तिथेच काम करते.

गल्लीत गॅस कटिंग चालू असेल तर पाच-सहा मीटर दूर, बाजूला उभे राहा. ठिणगी म्हणजे वितळलेलं लोखंड असतं, ती काचेवर पडली की खळगा पाडते. फिल्टर त्यासाठी. ठिणग्यांच्या रेषा हव्या असतील तर शटर १/३० सेकंदाच्या आसपास, गोठलेले ठिपके हवे असतील तर १/५०० च्या वर. वेल्डिंग चालू असेल तर उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडे बघू नका, व्ह्यूफाइंडरमधूनही नाही.

आणि माणसं. इथे उत्तर प्रदेश-बिहारचे पुष्कळ कामगार आहेत, माथाडी आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे दुकानदार आहेत. त्यांचे फोटो लोकांनी येऊन काढलेत आणि खाली काहीबाही लिहिलंय, हे त्यांना माहीत आहे. एका साखळीवाल्या चाचांना मी विचारलं, "चाचा, एक फोटो लूँ?" ते म्हणाले, "मेरा नहीं, माल का लो." मी कॅमेरा खाली ठेवला आणि माल बघायला बसले. मग त्यांनीच दाखवलं. जहाजाच्या नांगराच्या साखळीच्या प्रत्येक कडीत मधोमध आडवा दांडा असतो. त्याने कडी चेपत नाही आणि साखळीला पीळ बसत नाही. टोकाच्या कडीवर तपासणीचा नंबर ठोकलेला असतो. चाचांनी वायर ब्रशने कडी घासली, थुंकी लावून अंगठ्याने पुसली आणि नंबर वर आला. मी घेतला तो फोटो कडीचा आणि त्या अंगठ्याचा आहे. नखात ग्रीस, अंगठ्याच्या बाजूला जुन्या कापाची पांढरी रेघ, आणि शेजारी चार आकडे. चेहरा नाही म्हणाले तर चेहरा नाही. हात, अवजारं, बसायची जागा, टेबलाखालचा डबा यांतून माणूस पुरेसा कळतो. आणि तेही नको म्हणाले तर आभार मानून पुढे जायचं.

एक गोष्ट ठाम सांगते. लोकांची घरं रुळाला लागून आहेत. दार उघडं आहे, कपडे वाळत आहेत, कोणी अंघोळ करतंय. ती कोणाची तरी मोरी आहे. तिथे कॅमेरा उचलायचा नाही. लहान मुलं धावत येतात, फोटो काढा म्हणतात. आई-आजी दिसली की तिला विचारा, "मावशी, काढू का?" ती नाही म्हणाली तर मुलांना हात हलवा आणि चालायला लागा.

डॉकयार्ड रोडची टेकडी

इथपर्यंत सगळं जमिनीवरून बघितलं, आता वरून बघा. डॉकयार्ड रोड स्टेशनला लागून भंडारवाड्याची टेकडी आहे. वर पालिकेची बाग आहे, तिला काका बॅप्टिस्टा यांचं नाव आहे. टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बॅप्टिस्टा याच माझगावचे. पालिकेच्या बागा दुपारी काही वेळ बंद असतात, त्या हिशेबाने पोचा. वरून रूळ, स्टेशनचं छप्पर, पोर्टची गोदामं आणि मागे समुद्र असे थर दिसतात. लोकल वळणावर येईपर्यंत थांबा, गाडीशिवाय हा फोटो अपुरा राहतो. गोदीतली जहाजं मात्र चौकटीतून वगळा.

पाय दमले नसतील तर पश्चिमेला म्हातारपाखाडीत डोकावून या. ईस्ट इंडियन लोकांचं जुनं गावठाण, लाकडी जिने, कौलं, क्रूस. राहतं गाव आहे, हळू आवाजात फिरा.

सँडहर्स्ट रोड

हे शेवटी ठेवण्यामागे कारण आहे: उजेड. रे रोडपर्यंत आलेली हार्बर लाइन १९२५ मध्ये व्हीटीपर्यंत न्यायची, तर मुख्य लाइन मध्ये येत होती. म्हणून हार्बर वर उचलली आणि सँडहर्स्ट रोडला मुख्य लाइनच्या डोक्यावरून नेली. त्यामुळे हे स्टेशन दुमजली आहे. खाली मुख्य लाइनच्या गाड्या, वर हार्बर, मधे पोलादाचं जंगल. खांबांवर 'जीआयपीआर १९२१' आणि ग्लासगोच्या लुथा आयर्न वर्क्सचं नाव उठवलेलं आहे. जीआयपीआर म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. रुळांच्या खांबांवर टॉर्चने जे केलंत तेच इथेही करा, गर्दीच्या वाटेतून बाजूला होऊन.

साडेअकरा ते दोनमध्ये इथे पोचा. सकाळची कामावर जाणारी गर्दी ओसरलेली असते आणि ऊन वरून सरळ खाली येतं. तुळयांच्या फटींतून त्याच्या पट्ट्या पडतात. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, पण मेमध्ये त्या पट्ट्या धारदार असतात. एखादी पट्टी निवडा, तिच्यावर उजेड मोजा, फोकस तिथेच लावून ठेवा आणि कोणीतरी तिच्यात पाऊल टाकेपर्यंत थांबा. बाकी सगळं काळं गेलं तरी चालेल.

प्लॅटफॉर्मवरच्या ट्यूबलाइटमुळे फोटोत काळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्या येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे त्या जातात. धावती लोकल दाखवायची असेल तर खांबाला पाठ टेकून, १/१५ वर, श्वास रोखून घ्या. गाडी पुसट होते, खांब स्थिर राहतो. पिवळ्या रेषेच्या आत राहा आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कधीही चालू नका.

या स्टेशनच्या पूर्वेला, थोडं दक्षिणेकडे व्हिक्टोरिया गोदी. १४ एप्रिल १९४४ ला तिथे 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आज तिथे जाऊन टिपण्यासारखं काही उरलेलं नाही, पण या भागात फिरणाऱ्याला हे माहीत असावं असं मला वाटतं.

घरी आल्यावर

फोटो निवडायच्या आधी नोंदी लिहा. त्याच रात्री, वही उघडून: जागा, तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला, कोणतं काम चाललं होतं, कोण काय म्हणालं. हा पट्टा वेगाने बदलतोय. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ मध्ये पाडला, १८६८ चा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला, दोन्हीच्या जागी आता नवे उभे आहेत. स्टेशनांची नावं बदलायचा ठराव विधिमंडळात झाला आहे, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी. बंदराच्या जमिनीचं पुढे काय करायचं याच्या योजना चालूच आहेत. जुन्या हँकॉक पुलाच्या जिन्यावरची रोजची वर्दळ कोणी तारीख-वारानिशी टिपून ठेवली असेल तर ती आज सोन्याच्या मोलाची आहे. तुमच्या गोदामाच्या दारांचंही उद्या तेच होणार आहे, पण फोटोखाली जागा आणि तारीख असेल तरच.

निवडताना एक चाळणी लावा. फोटोतल्या माणसाला तो दाखवायची तुम्हाला लाज वाटेल का? वाटत असेल तर तो काढून टाका, कितीही सुंदर असला तरी. गंजाचे, पडक्या भिंतींचे फोटो पुष्कळ निघाले असतील, त्यातले दोन ठेवा. कामाचे सगळे ठेवा.

शेवटचं काम प्रिंटचं. ज्यांनी फोटो काढू दिले त्यांच्यासाठी चार बाय सहाच्या प्रिंट काढा आणि पुढच्या खेपेला नेऊन द्या. मोबाईलवर पाठवतो म्हणून नंबर मागू नका, नवख्या माणसाला नंबर द्यायला कामगार बिचकतात आणि ते बरोबरच आहे. नाव माहीत नसेल तर त्या दुकानाचा किंवा हातगाडीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तो गल्लीच्या तोंडाशी टपरीवर दाखवलात की लोक बरोबर माणसापर्यंत पोचवतात. माणूस गावी गेला असेल तर प्रिंट लिफाफ्यात घालून, मागे तारीख लिहून मुकादमाकडे ठेवा.